नवी हार्ड डिस्क आणि गल्लीतलं भजन

नवी हार्ड डिस्क बसवल्यानंतर कम्प्युटर पहिल्यांदा बंद पडला तो 'महोदय' या शब्दावर. माहुरे सरांनी 'महोदय' लिहिलं, स्वल्पविराम दिला, पुढच्या ओळीवर जायला बोट उचललं आणि पडदा काळा झाला. त्या काळ्या पडद्यात दिसणाऱ्या स्वतःच्या चष्म्याकडे सर बराच वेळ बघत राहिले. स्वल्पविराम नको होता की काय, असं त्यांना वाटून गेलं.

दुसरा कोणी असता तर त्याने दोन शिव्या हासडल्या असत्या, टेबलावर एक बुक्की मारली असती आणि मोकळा झाला असता. घनश्याम माहुरे यांना ती सोय नव्हती. जगात कुठेही काही बिघडलं की त्यांची नजर आधी स्वतःकडे वळायची. एसटी उशिरा आली तर आपणच फार लवकर येऊन उभे राहिलो असू. भाजीत मीठ जास्त झालं तर आज आपली जीभ ठिकाणावर नसेल. अशा माणसाच्या घरी नांदणाऱ्या कम्प्युटरचं नशीब थोर म्हणायचं. त्याच्या सगळ्या चुका आपोआप मालकाच्या नावावर जमा होतात.

पण हे पत्र बिघडून चालणार नव्हतं. सरांनी सारी नोकरी बोरी अरबला मराठी शिकवण्यात घालवली होती आणि त्यातही पत्रलेखन हा त्यांचा खास प्रांत. 'तुमच्या भागातील अपुऱ्या पाणीपुरवठ्याबाबत संबंधित अधिकाऱ्यांना तक्रारपत्र लिहा' हा प्रश्न त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या घातला होता. पत्राखाली सही 'अ. ब. क.' यांची. या अ. ब. क. नावाच्या गृहस्थाच्या घरी इतक्या वर्षांत एकदाही धड पाणी आलं नाही, आणि त्याचं सरांना कधी काही वाटलं नाही. स्वतः त्यांनी मात्र खऱ्या अधिकाऱ्याला खरं पत्र कधीच लिहिलं नव्हतं. आता लिहायची वेळ आली होती, आणि ती आणली होती प्रेमसिंगनं.

यवतमाळच्या एका टोकाला असलेल्या संतकृपा ले-आऊटमध्ये एकच सरळ गल्ली आहे. ती शेवटाकडे चढत जाते. नळाची लाइन गल्लीच्या तोंडातून आत येते, त्यामुळे पाणी घराघराला रामराम करत वर सरकतं आणि शेवटच्या घरापर्यंत पोचता पोचता त्याला धाप लागते. त्या शेवटच्या घरात प्रेमसिंग आणि बसंतीबाई राहत. प्रेमसिंग एसटीत ड्रायव्हर होता. निवृत्त झाल्यापासून तो रोज दुपारी सरांकडे येई. सर त्याला पेपरातला अग्रलेख मोठ्यानं वाचून दाखवत आणि प्रेमसिंग प्रत्येक वाक्यावर हरकत घेई. सरांना आयुष्यात लाभलेला हा एकमेव श्रोता. बाकी वर्गातली मुलं होती, पण त्यांना उठून जायची मुभा नव्हती.

मे महिन्याच्या सुरुवातीला प्रेमसिंगनं अग्रलेख मध्येच थांबवला.

"मास्तर, आता नाही जमत. बसंतीचे गुडघे गेले. हापशीवरून खेप आणली का थे दारातच बसून राह्यते. नळ येते म्हणतात, पण आमच्याकडं नुसता फुसफुस आवाज येते. खालचे लोक टिल्लू लावतात, दुसरं काय! आखाड लागला का आम्ही चाललो तांड्यावर, पोराकडं. घराले कुलूप."

"आणि दुपारी?" सरांच्या तोंडून निघून गेलं.

"दुपारी तुमी लीलाबाईले वाचून दाखवा."

लीलाबाई म्हणजे सरांची पत्नी. दोघेही तिला पुरते ओळखून असल्यामुळे तो उपाय तिथेच निकालात निघाला.

टिल्लू म्हणजे ओंजळीत मावेल एवढा विजेचा पंप. तो नळाला जोडला की लाइनमधलं पाणी ओढून घेतो. वरच्या घरांची तोंडं कोरडी पडतात. तो लावायला बंदी आहे, म्हणून दुकानदार तो काळ्या पिशवीत घालून देतो. सरांनी त्याच्याविषयी ऐकलं होतं, पाहिला कधी नव्हता. त्यांनी ठरवलं, पत्र लिहायचं.

पहिलं पत्र त्यांनी हातानं लिहिलं. बोरूच्या वळणाचं अक्षर, डावीकडे समास, आणि मजकूर असा की एखाद्या अधिकाऱ्यानं वाचला तर त्याच्या डोळ्यांतून तरी पाणी यावं. पाण्याच्या ऑफिसात खिडकीमागे अमरसिंग नावाचा क्लार्क होता. तो सरांचाच विद्यार्थी निघाला. त्यानं उभं राहून नमस्कार केला, चहा मागवला आणि पत्र परत दिलं.

"सर, अक्षर म्हणजे फ्रेम करून लावावं असं आहे जी. पण घेता येत नाही."

"का बरं?"

"टाइप केलेलं पायजे. मंग त्याची फाइल पोर्टलवर चढवा लागते. तक्रार पोर्टलवर दिसली का साहेब स्वतः येऊन पाह्यतात." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "आणि सर, रागावू नका, पण तुम्ही 'विषय' लिहिलाच नाही. आमचे मार्क कापत होते तुम्ही त्याच्यासाठी."

सर चहा अर्धा टाकून घरी आले. 'विषय' खरोखरच लिहिला नव्हता.

घरात कम्प्युटर होता. मुलगा कपिल पुण्याला जाताना मागे ठेवून गेलेला. सर त्यावर अधूनमधून ललित लेख लिहीत आणि अर्धे टाकून देत. पण तो सुरू केला की हल्ली पोटात कण्हल्यासारखा आवाज यायचा. चौकातल्या दुकानातून संजयला बोलावलं. त्यानं डबा उघडला, कान लावला आणि डॉक्टरच्या सुरात सांगितलं, "हार्ड डिस्क जाऊन राह्यली सर. नवी टाका लागते."

नवी बसली. जुनी काढून तो पिशवीत घालू लागला तेव्हा सरांनी त्याचा हात धरला.

"तिच्यात माझे लेख आहेत."

"ते नवीत घेतले जी."

"घेतले असतील. पण तिलाही राहू दे. इतकी वर्षं घरात होती."

मध्यमवर्गीय माणूस जुनी वस्तू टाकतो ती फक्त मनातून. घरातून ती कधीच जात नाही. संजयनं मान हलवली आणि दोन्ही डिस्क आत जोडून दिल्या. "दोघी सवती एका घरात. भार पडन सर, पाहा बा." मग टेबलाखाली वाकून तो म्हणाला, "आणि या यूपीएसची बॅटरी मेली आहे. बदलून घ्या. लाइट कमीजास्त झाली तर मशीन सांभाळून घेते थे."

सरांनी "बघू" म्हटलं. त्या यूपीएसवर पाय ठेवून बसायची त्यांना सवय झाली होती आणि त्याची उंची फार योग्य होती.

आणि मग तो 'महोदय' आला.

दुसऱ्या वेळी कम्प्युटर 'आमच्या भागातील' इथं गेला. तिसऱ्या वेळी 'टिल्लू' या शब्दावर. सरांना आता शंका येऊ लागली की यंत्राला त्यांची भाषा पसंत नसावी. 'टिल्लू' हा शब्द तसा शासकीय पत्राला शोभणारा नाहीच. त्यांनी तिथे 'अनधिकृत जलकर्षण यंत्र' असं लिहिलं. स्वतःवर खूश होऊन ते वाक्य पुन्हा वाचणार, तोच पडदा काळा. सर मनात म्हणाले, हेही नाही आवडलं. एका परीनं त्यांना त्या कम्प्युटरचा आदर वाटू लागला. आजवर त्यांच्या लेखनावर इतक्या बारकाईनं कोणी मत दिलं नव्हतं.

संजयला पुन्हा बोलावलं. तो आला, आणि कम्प्युटर सासरी आलेल्या नव्या सुनेसारखा वागला. संजयनं गाणी लावून पाहिली, सिनेमा लावून पाहिला, अख्खी दुपार तिथेच बसून काढली, पण पडदा एकदाही काळा झाला नाही.

"काही नाही झालं सर."

"अरे, पण मी लिहायला बसलो की होतं!"

"तुम्ही काय लिहिता असं?"

या प्रश्नातला रोख सरांना लागला. संजयनं जाताना एक गोष्ट मात्र सांगितली: "हार्ड डिस्कले कंपन जमत नाही. हादरा बसला का संपलं. टेबल हालते का पाहा." टेबल हलत होतं. सरांनी त्याच्या पायाखाली घड्या करून पेपर घातले. त्या दिवशी प्रेमसिंगला अग्रलेखाशिवाय परत जावं लागलं, कारण अग्रलेख टेबलाखाली होता.

बातमी गल्लीत पसरली. आपल्याकडे माणूस आजारी पडला तर लोक जरा बिचकून येतात, यंत्र आजारी पडलं तर हक्कानं येतात. पहिले आले समोरचे पंजाबराव. त्यांची हयात कापसाच्या जिनिंग कारखान्यात गेली होती. तिथे त्यांना एकदा विजेचा जबर झटका बसला होता आणि तेव्हापासून विजेच्या बाबतीत त्यांचा शब्द अखेरचा मानला जाई.

"आर्थिंग, सर! आर्थिंग सुकली तुमची. उन्हाळ्यात जमीन कोरडी होते, करंट जाईन कुठी? खड्ड्यात मीठ टाका आणि पाणी ओता. चांगलं ढसाढसा."

मीटरखालचा खड्डा उकरून सरांनी त्यात मीठ घातलं. घरातलं पाणी ओतायला त्यांचा हात धजेना. तेव्हा प्रेमसिंग उठला, वर आपल्या घरी गेला आणि हापशीवरून आणलेल्या पाण्यानं भरलेली एक डबकी, म्हणजे प्लास्टिकचा कॅन, घेऊन आला.

"अरे, हे बसंतीबाईंनी..."

"राहू द्या मास्तर. पत्र झालं तर नळच येईन. बी पेरल्यासारखं आहे हे." आणि त्यानं ती डबकी खड्ड्यात रिकामी केली. जमिनीनं पाणी सर्रकन पिऊन टाकलं.

कम्प्युटर दुसऱ्याच दिवशी 'तरी' या शब्दावर गेला.

मग विजयमालाताई आल्या. त्या पंजाबरावांच्या शेजारच्या, महिला मंडळाच्या अध्यक्ष. त्यांचं निदान वेगळं होतं. "गरमी चढते त्याले. आपल्या माणसाले चढते, मशीनले नाही चढणार? माह्या भाच्याच्या ऑफिसात कम्प्युटरले एसी आहे आणि माणसाइले पंखा." सरांनी कूलर ओढून कम्प्युटरसमोर लावला. वाळ्याच्या सुवासासकट बारीक तुषार उडू लागले. घंटाभरात टाइप करायच्या पाटीवरचं एक बटण फुगून खाली रुतून बसलं आणि 'महोदय' लिहिलं की 'मममममममहोदय' असं उमटू लागलं. म्हणजे अधिकाऱ्यासमोर उभं राहिल्यावर सर प्रत्यक्षात जसे बोलले असते अगदी तसंच.

सरांच्या एक गोष्ट लक्षात आली, पण तिचा अर्थ त्यांनी आपल्या स्वभावाप्रमाणे चांगला घेतला. गल्लीतले लोक रोज चौकशी करत. "काय सर, झालं का पत्र?" सर खजील होऊन "नाही हो, पुन्हा बंद पडला" म्हणत, आणि समोरच्याचा चेहरा एकदम मोकळा होई. "अरेरे! जाऊ द्या, घाई काय आहे?" किती समजूतदार शेजार, असं सरांना वाटे. सह्यासुद्धा सगळ्यांनी आधीच देऊन ठेवल्या होत्या, कोऱ्या कागदावर, न मागता. पंजाबरावांनी तर दोनदा केली होती.

तसं संतकृपा ले-आऊट या उन्हाळ्यात एकंदरीतच फार सुधारलं होतं. लोकांत भक्तिभाव वाढला होता. नळ यायचा दिवसाआड, त्याला वेळ नव्हती. पण तो आला रे आला की घराघरातून गजानन महाराजांची भजनं सुरू होत. पंजाबरावांकडे टाळ, विजयमालाताईंकडे मृदंग, पलीकडे कोणाकडे नुसताच कोरस. पाण्याचं स्वागत देवाच्या नावानं करणारी ही गल्ली पाहून सरांना भरून येई. त्यांनी पत्रात एक वाक्यही घातलं होतं: 'आमच्या भागातील रहिवासी सश्रद्ध असून पाण्यास देव मानतात.' प्रेमसिंगच्या घरी तेवढं भजन नसे. त्याला एकदा विचारलंही होतं. तो म्हणाला, "आमच्याकडं पाणीच नाही, तर भजन कायच्या नावानं?"

लीलाबाईसुद्धा बदलली होती. जन्मात कधी तिनं पोथी उघडली नाही, आणि आता नळ आला की मोबाइल स्टीलच्या गंजात, म्हणजे उभट पातेल्यात, उभा करून भजन लावी. गंजात ठेवला की आवाज दणकून येतो. शिवाय नवऱ्याच्या लेखनाबद्दलही तिला अचानक आस्था वाटू लागली होती. सर सकाळी मागच्या अंगणात कडुनिंबाखाली पुस्तक घेऊन बसलेले असत, तर ती येऊन म्हणे, "म्हटलं, इथं काय बसले? पत्र राह्यलं ना तुमचं? जा बरं, बसा कम्प्युटरवर. मधलं दार लोटून घ्या, धूळ येते." सर कृतज्ञतेनं उठत. बायको आपल्या साहित्यासाठी दार लोटून घ्यायला सांगते, हे भाग्य किती जणांना लाभतं?

असा तो दिवस उजाडला. नळ लवकर आला. लीलाबाईनं सरांना आत पाठवलं. पत्र जवळपास पूर्ण झालं होतं. 'तरी आपण कृपया त्वरित' एवढं लिहून सर थांबले. त्यांना शब्द शोधताना वर पंख्याकडे बघायची सवय होती. मागच्या अंगणातून भजन सुरू झालं. मग पंजाबरावांकडचं. मग विजयमालाताईंचं. आणि सरांच्या डोळ्यांदेखत पंखा सुस्त होत गेला. इतका की त्याची पाती वेगवेगळी दिसू लागली आणि एका पात्यावरचं जळमटही. सरांनी मान खाली केली. पडदा काळा.

आधी भजन, मग पंखा, मग पडदा.

इतके दिवस ते फक्त पडदा बघत होते. आज प्रथमच त्यांना तिन्हींची रांग दिसली. सर खुर्चीत सरळ बसले. स्वतःच्या बाकी सगळ्या गुणांविषयी त्यांना शंका होती, पण कुतूहल आपल्याजवळ आहे हे ते जाणून होते. 'हार्ड डिस्कले कंपन जमत नाही,' संजय म्हणाला होता. भजनाचं कंपन! गंजातून घुमणारं, भिंतीतून येणारं, सबंध गल्लीचं मिळून होणारं कंपन. पंख्यावरही तेच होत असणार. शास्त्र मोठं अजब आहे, सर मनाशी म्हणाले.

आता पेच असा की देवाचं नाव हळू घे हे बायकोला सांगायचं कसं? सरांनी उभ्या उभ्या दोन-तीन वाक्यं मनात जुळवली, खोडली, पुन्हा जुळवली, आणि मधलं दार उघडून स्वयंपाकघरातून मागे गेले.

गंजातला मोबाइल तल्लीन होऊन गात होता. लीलाबाई पाठमोरी बसून ड्रम भरत होती. नळाशेजारी एक घमेलं पालथं घातलेलं, त्यावर दगड. आणि तो दगड नाचत होता. सर थबकले. दगडाला भजनाचा ठेका साधत नव्हता, तो आपल्याच तालात थरथरत होता. घमेल्याखालून एक वायर निघून खिडकीतून आत, मिक्सरच्या सॉकेटपर्यंत गेली होती.

सरांनी वाकून घमेलं उचललं. खाली एक छोटासा निळा पंप घोंघावत होता.

त्यांच्या मनात पहिला विचार आला तो असा: अरे, किती लहान! ज्याच्याविषयी आपण इतके परिच्छेद लिहिले, तो एवढासा? त्याच्या तोंडातून निघणारी पाण्याची जाड धारही त्यांनी क्षणभर कौतुकानं पाहिली. दुसरा विचार यायला थोडा वेळ लागला.

"हे... हे काय आहे?"

लीलाबाई दचकली, पण क्षणभरच. "दिसत नाही का? तुमच्या पत्रातलं ते कर्षण का फर्षण."

"आपल्या घरी?"

"मंग कोनाच्या घरी बसवू? आपला नळ आहे तर आपल्याच घरी राहीन ना!"

"लीला, मी त्याच्याविरुद्ध पत्र लिहितो आहे. कधीपासून आहे हा?"

"होळीपासून. साऱ्याइच्या घरी आहे. माह्याच घरी नव्हता. ते विजयमालाच घेऊन गेल्ती मले दुकानात. आवाज येते म्हणून भजन लाव म्हणे. तिनंच साऱ्याइले सांगतलं."

सरांनी कान दिला. गल्लीभर भजन चाललं होतं, आणि त्या प्रत्येक भजनाच्या पोटात, आता ऐकू यायला लागल्यावर, एक घोंघाट होता. संतकृपा ले-आऊटची सगळी भक्ती विजेवर चालली होती.

"तू मला सांगायचं होतंस."

"सांगतलं असतं तर तुम्ही काढून टाकला असता, आणि पुस्तक घेऊन बसले असते. पाणी कोण आणणार होतं? तुमचे ते अ. ब. क.?" तिचा आवाज थोडा फाटला. "रोज सकाळी धुतलेलं धोतर घालता. कधी इचारलं, पाणी कुठून येते?"

नव्हतं विचारलं. सर वळले. आत गेले, मिक्सरच्या सॉकेटमधला प्लग ओढला. बाहेर आले तर धार बारीक होऊन सुतळीएवढी झाली होती.

"हे आपल्या वाट्याचं पाणी," सर म्हणाले.

"मंग भरा," म्हणून लीलाबाईनं त्यांच्या हातात मग दिला आणि ती आत निघून गेली.

सर त्या सुतळीसमोर बसून राहिले. बादली भरायला फार वेळ लागत होता. वर, गल्लीच्या टोकाला, ही सुतळीसुद्धा नव्हती. तिथला माणूस हापशीवरची डबकी उचलून खाली आला होता आणि आपल्या खड्ड्यात ओतून गेला होता. बी पेरल्यासारखं, म्हणाला होता. सरांना आजवर कितीतरी गोष्टींसाठी उगाच ओशाळल्यासारखं वाटत आलं होतं. आज प्रथमच कारण होतं, आणि गंमत अशी की आज स्वतःला बोल लावायला त्यांना शब्दच सुचेना.

त्या दिवशी कम्प्युटर पुन्हा गेला नाही. पाणी ओसरलं, भजनं थांबली आणि सरांनी पत्र पूर्ण केलं. 'विषय' लिहिला. पहिल्याच ओळीत टाकलं: 'अर्जदाराच्या घरी असा पंप असून तो आज काढण्यात आला आहे.' लीलाबाई मागे येऊन वाचत होती.

"अर्जदाराच्या नाही, अर्जदाराच्या बायकोच्या घरी लिहा. तुमाले तर माहीतही नव्हतं."

"नको. घर एकच आहे," सर म्हणाले, आणि खाली अ. ब. क. न लिहिता 'घनश्याम माहुरे' असं लिहिलं. लीलाबाई आत गेली. थोड्या वेळानं चहा आला, न मागता.

संध्याकाळी पंजाबरावांच्या फाटकापाशी खुर्च्या टाकून मंडळी बसली होती. प्रेमसिंगही होता. सरांनी उभं राहून पत्र वाचायला घेतलं. चार माणसांत बोलताना त्यांचा घसा सुकायचा, आजही सुकला, पण पाणी मागायची त्यांना लाज वाटली. पहिल्या ओळीलाच खुर्च्या करकरल्या.

"अगं बाई! तुमच्या घरी, सर?" विजयमालाताई म्हणाल्या. "लीलाबाई, काही बोलल्या नाही तुम्ही!"

"विजयमाला," लीलाबाई शांतपणे म्हणाली, "दुकानवाल्याचा नंबर कोणाच्या मोबाइलमध्ये आहे वो? काढ बरं."

विजयमालाताईंनी पदर सावरला. पंजाबराव खाकरले. "माह्याकडं आहे एक, पण जुना आहे. चालत नाही बरोबर."

"रोज मोठ्यानं टाळ वाजवते थो, जुना असून!" कोणीतरी मागून म्हणालं, आणि मग एकेकाच्या घमेल्याखालचं बाहेर पडू लागलं.

प्रेमसिंग एकेकाचं ऐकत होता. सरांनी त्याच्याकडे बघायचं टाळलं, पण शेवटी बघावं लागलं.

"म्हणजे मास्तर," तो सावकाश म्हणाला, "माह्यं पाणी तुमीच पेले. आणि वरून एक डबकी म्याच आणून देल्ली?"

"हो," सर म्हणाले.

प्रेमसिंगनं डोक्यावरची टोपी काढली, गुडघ्यावर आपटली, आणि हसायला लागला. "याडी वो!" त्यानं आपल्या बंजारा बोलीत आईला हाक मारली. "काय माणसं आहेत!" तो इतका हसला की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. बाकी कोणालाच हसता येईना. त्यानं दोन शिव्या दिल्या असत्या तर सगळ्यांना हलकं वाटलं असतं.

ठरलं असं, की पाणी आलं की आधी वरच्या टोकाचा ड्रम भरू द्यायचा, मग खालच्यांनी भरायचं, आणि टिल्लू कोणीच लावायचा नाही.

"पण कोणी लपून लावला तर समजन कसं?" पंजाबरावांनी विचारलं. ते स्वतःच्या अनुभवावरून बोलत असावेत.

सरांना उत्तर माहीत होतं. इतक्या दिवसांत त्यांना एवढी एकच गोष्ट नक्की कळली होती. "सगळी गल्ली एकाच तारेवर आहे," ते म्हणाले. "पंप लागला की वीज कमी पडते. माझा कम्प्युटर लगेच जातो."

पुढच्या नळाला परीक्षा झाली. सर कम्प्युटर सुरू करून बसले. बराच वेळ काही नाही. मग पडदा काळा. सर अंगणात आले आणि जन्मात पहिल्यांदा गल्लीत मोठ्यानं ओरडले, "कोणाचा आहे?" पंजाबरावांच्या बाथरूममधून आवाज आला, "बंद करतो, बंद करतो सर! पाह्यत होतो, खरंच समजते का."

पत्र पोर्टलवर चढलंच नाही. अमरसिंगचा फोन आला. "सर, मशीन घेत नाही. तक्रार करणारा आणि ज्याच्यावर तक्रार आहे तो, दोन्ही जागी एकच नाव टाकता येत नाही म्हणते. एक नाव बदलता का जी?" सर म्हणाले, "नाही बदलत." "पण पत्र लय चांगलं आहे सर. पूर्ण मार्क," अमरसिंग म्हणाला. सरांना त्याचा आनंद झाला, हे नाकारण्यात अर्थ नाही.

संजय नवी बॅटरी घेऊन आला. लीलाबाईनंच निरोप पाठवला होता. "समजलं सर मले! दोन डिस्कचा भार, आणि लाइट पडते. हे लावतो, मंग गल्लीत काहीही होऊ द्या, तुमचा कम्प्युटर बंद पडत नाही."

"परत घेऊन जा," सर म्हणाले.

"अजी, पण दुरुस्त होईन ना थो!"

"म्हणूनच," असं म्हणून सरांनी यूपीएसवर पाय ठेवले.

त्यानंतरच्या नळाच्या दिवशी गल्ली अगदी शांत होती. भजन नव्हतं, टाळ नव्हते, नुसता बादल्यांचा आवाज. सर कम्प्युटरवर नवा लेख लिहीत बसले होते आणि तो चक्क पुढे सरकत होता. एवढ्यात वरच्या बाजूनं सूर आले. भजन! चांगलं खणखणीत, गंजात घुमणारं. आणि तेही शेवटच्या घरातून.

फटाफट फाटकं उघडली. पंजाबराव बनियनवर बाहेर आले, विजयमालाताई ओल्या हातांनी आल्या. "पाहा! पाहा! प्रेमसिंगनं बी आणला वाटते!" "मनातच होतं माह्या!" "सर, ओ सर! पाहा बरं तुमच्या मशीनमध्ये!" गल्लीच्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांनी आनंद दिसत होता.

सर खिडकीत आले. वर प्रेमसिंगच्या दारात बसंतीबाई पायरीवर बसून भजनाला टाळ्या वाजवत होती. तिच्या बाजूला ड्रम भरून वाहत होता आणि तिनं ते वाहणारं पाणी अडवलं नव्हतं. तिला ते बघायचं होतं.

सरांनी वळून पाहिलं. पंखा भरधाव फिरत होता. पडदा उजळलेला होता.

"चालू आहे," सर खिडकीतून म्हणाले. "हे खरं भजन आहे."